बिनतारी मनोऱ्यावर वीज पडली तर : संच का जळतो आणि तो कसा वाचवावा



ऊस विकास अधिकाऱ्याने बेणेप्रक्रियेवर लिहावे, हुमणीवर लिहावे, खोडव्यातल्या पाचटावर लिहावे. आकाशातल्या विजेवर त्याने कशाला लिहायचे, असे कुणी विचारील. कारण सरळ आहे. आपला ऊस फडातून गव्हाणीपर्यंत येतो तो नुसत्या ट्रॅक्टरच्या आणि बैलांच्या जोरावर नाही, निरोपाच्या जोरावरही येतो. कोणत्या गटात तोड थांबली, यार्डात किती गाड्या उभ्या आहेत, कुठली गाडी ओढ्यात रुतली, हे वेळेवर कळले नाही तर तोडलेला ऊस वाळतो आणि वजन सभासदाचे घटते. मोबाईल घरोघर आला तरी आवारातले वॉकी-टॉकी, बिनतारी संच आणि त्यांचे मनोरे यांचे काम संपलेले नाही. उलट आता सभासदांच्या शेतातही उंच काठ्या उभ्या राहू लागल्या आहेत. कुठे हवामान केंद्राची, कुठे ठिबकच्या स्वयंचलित यंत्राची, कुठे इंटरनेटच्या डिशची.

दुसरे असे, की गाळप हंगामाची दोन्ही टोके विजेच्या दिवसांना जाऊन भिडतात. ऑक्टोबरात हस्ताचा गडगडाट चालू असताना आपली तोडणीची तयारी चाललेली असते, आणि हंगाम एप्रिल-मेपर्यंत लांबला की वळीव डोक्यावर येतो. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकड्यांप्रमाणे २०१९ ते २०२२ या चार वर्षांत देशात दरवर्षी २,८०० हून अधिक माणसे वीज पडून गेली. त्यांत शेतात काम करणारेच पुष्कळ. तेव्हा हा विषय आपलाच आहे.

वीज किती मोठी?

उन्हाळ्यात तापलेली, दमट हवा वेगाने वर चढते. ढगाच्या उंच भागात बर्फाचे कण आणि गारा एकमेकांवर आपटतात आणि विद्युतभाराची वाटणी होते. बहुतेक वेळा ढगाच्या खालच्या भागात ऋण भार साठतो. तिथून एक फांदी टप्प्याटप्प्याने, साधारण पन्नास-पन्नास मीटरच्या उड्या घेत खाली उतरते. ती जमिनीजवळ आली की जमिनीवरच्या उंच वस्तूंतून छोट्या ठिणग्या तिला गाठायला वर निघतात. ज्या ठिणगीची गाठ पडली, तिथे वीज पडली. मनोरा उंच असतो म्हणून त्याची ठिणगी बहुधा पहिली पोहोचते. एवढेच त्याचे पाप.

अशा एका झटक्यात साधारण ३०,००० अँपिअर प्रवाह वाहतो, क्वचित तो दोन लाखांपर्यंतही जातो. आपल्या विहिरीवरची पाच अश्वशक्तीची मोटर सात-आठ अँपिअर घेते, यावरून अंदाज करा. पण हा प्रवाह सेकंदाच्या हजाराव्या भागापेक्षाही कमी वेळ टिकतो, आणि शून्यापासून शिखरावर चढायला त्याला सेकंदाचे काही दशलक्षांश भागच लागतात. हे ‘झटकन चढणे’ ध्यानात ठेवा. पुढचा सगळा हिशेब त्यावर आहे.

काठी काय करते आणि काय करीत नाही

अमेरिकेतल्या बेंजामिन फ्रँकलिनच्या कल्पनेवरून १७५२ साली फ्रान्समध्ये उंच लोखंडी काठी उभारून ढगातली वीज उतरवून दाखवली गेली. तेव्हापासून इमारतीवर टोकदार काठी लावायची चाल पडली. आपल्याकडे सरकारी कागदांत तिला ‘वीज अटकाव यंत्रणा’ म्हणतात. नावामुळे गैरसमज होतो. काठी विजेला अडवत नाही, आणि ढगातली वीज हळूहळू शोषूनही घेत नाही. ती फक्त म्हणते, ‘पडायचेच असेल तर माझ्यावर पड, मी तुला वाट दाखवते.’

म्हणून मनोऱ्याच्या टोकाला अँटेना असेल, तर काठीचे टोक तिच्याहून वर पाहिजे. काठीच्या आसऱ्याला काय येते, हे ठरवायला अभियंते एक युक्ती वापरतात. ४५ मीटर त्रिज्येचा एक प्रचंड चेंडू जमिनीवरून गडगडत मनोऱ्याला टेकला असे समजा. चेंडूच्या खाली जी खाच राहते तेवढीच जागा सुरक्षित. चेंडू जिथे जिथे टेकेल तिथे वीज पडू शकते. मौल्यवान यंत्रसामग्रीसाठी याहून लहान, म्हणजे २० मीटरचा चेंडू धरतात. यावरून दिसेल, की गावात एक उंच मनोरा आहे म्हणून सारे गाव सुरक्षित झाले, ही समजूत खोटी आहे. शंभर पावलांवरच्या झाडाला त्या मनोऱ्याचा काडीचाही उपयोग नाही.

एक पाय होडीत, एक पाय घाटावर

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. बिनतारी मनोऱ्यावर वीज पडल्यावर पुष्कळ ठिकाणी एकच चित्र दिसते : मनोरा शाबूत, काठी शाबूत, खड्ड्यातली पट्टी शाबूत, आणि आत टेबलावरचा संच मात्र कोळसा. मग लोक म्हणतात, अर्थिंग असून उपयोग काय झाला?

उपयोग का झाला नाही, ते साध्या गुणाकाराने कळते. अर्थ-खड्ड्याचा रोध १० ओहम असणे हे चांगले लक्षण समजतात. वीज ३०,००० अँपिअरची. दोहोंचा गुणाकार तीन लाख. म्हणजे खड्डा उत्तम असला तरी वीज पडल्याक्षणी मनोऱ्याचा पाया आणि त्याला जोडलेली प्रत्येक तार आजूबाजूच्या दूरच्या जमिनीपेक्षा तीन लाख व्होल्टने वर चढते. जमीन म्हणजे शून्य, हे पुस्तकातले वाक्य त्या क्षणी खरे राहत नाही.

आता आपल्या संचाकडे पाहा. त्याची एक बाजू अँटेनाच्या केबलने मनोऱ्याला बांधलेली. दुसरी बाजू विजेच्या प्लगमधून मीटरच्या अर्थिंगला, म्हणजे इमारतीच्या पलीकडच्या वेगळ्या खड्ड्याला बांधलेली. गोदावरीला पूर आला असता रामकुंडावर एखाद्याने एक पाय होडीत आणि एक पाय घाटाच्या पायरीवर ठेवला तर काय होईल? पाणी चढले की होडी वर जाते, पायरी जागेवर राहते, आणि माणूस मधोमध फाटतो. संचाचे नेमके हेच होते. मनोऱ्याकडची बाजू तीन लाखांवर, मीटरकडची बाजू खाली, आणि मधला रस्ता संचाच्या पोटातून.

तोच माणूस दोन्ही पाय होडीत ठेवून उभा राहिला तर? पूर कितीही चढो, होडीबरोबर तोही चढतो आणि तिच्याबरोबर उतरतो. त्याला इजा नाही. विजेपासून संच वाचवण्याचे सारे शास्त्र या एका वाक्यात आहे : विजेला शून्यावर आणता येत नाही, पण खोलीतले सगळे धातू एकत्र चढतील आणि एकत्र उतरतील, असे करता येते.

म्हणून मनोऱ्याचा खड्डा, मीटरचा खड्डा, जनित्राचा खड्डा, टेलिफोनची अर्थिंग, हे सारे जमिनीखालून जाड पट्टीने एकमेकांना जोडलेच पाहिजेत. आपल्याकडे याच्या नेमकी उलट समजूत रुजली आहे. ‘मनोऱ्याची अर्थिंग वेगळी ठेवा, नाहीतर वीज मीटरमध्ये येईल’ असे अनुभवी वायरमनही सांगतात. हेतू चांगला असतो, पण परिणाम उलटा होतो. वेगळी ठेवलेली अर्थिंग वेगळी राहत नाहीच. ती संचाच्या पोटातून जोडली जाते. आपण बाहेर पट्टीने जोडली नाही, तर वीज आत स्वतः जोडून घेते. भारतीय मानक आयएस/आयईसी ६२३०५ मध्येही सर्व धातूंच्या अशा एकत्र जोडणीवरच भर आहे.

लांब तार म्हणजे कमजोर तार

दुसरा हिशेब तारेच्या लांबीचा. नेहमीच्या विजेला जाड तार म्हणजे मोकळा रस्ता. पण झटकन चढणाऱ्या प्रवाहाला सरळ तारसुद्धा अडवते, कारण प्रवाहातल्या एकदम बदलाला तार विरोध करते. ३०,००० अँपिअर दोन दशलक्षांश सेकंदात चढले, तर एक मीटर तारेच्या दोन टोकांत सुमारे पंधरा हजार व्होल्टचा फरक पडतो. तारेला वेटोळे दिले, भिंतीच्या कोपऱ्यावर काटकोनात मुरडली, तर अडवणूक आणखी वाढते, आणि वीज तार सोडून जवळच्या पाइपवर उडी मारते.

म्हणून पट्टी रुंद, आखूड आणि सरळ असावी. वळवावीच लागली तर बैलगाडी वळते तशी मोठ्या वळणाने वळवावी. तिचा छेद ५० चौरस मिलिमीटरपेक्षा कमी नसावा. २५ मिलिमीटर रुंद आणि ३ मिलिमीटर जाड पट्टी ७५ भरते, ती चालते. दुसऱ्या मजल्यावरच्या संचाला खिडकीतून बारीक हिरवी तार खाली सोडून ‘अर्थिंग दिली’ म्हणणे, हे मनाचे समाधान झाले, संरक्षण नव्हे.

केबल खोलीत कशी आणावी

अँटेनाच्या केबलवर बाहेरून विणलेल्या तांब्याचे कवच असते. हे कवच तीन ठिकाणी मनोऱ्याच्या लोखंडाला पक्के जोडावे : वर अँटेनापाशी, खाली पायापाशी जिथे केबल मनोरा सोडते तिथे, आणि तिसरे खोलीच्या भिंतीवर. केबल मनोऱ्यावरून अधांतरी खोलीकडे ओढू नये. ती जमिनीपर्यंत उतरवावी आणि मग खोलीकडे न्यावी. जितका प्रवाह मनोऱ्याच्या पायातून जमिनीत जाईल तितका खोलीकडे कमी येईल.

भिंतीत केबल शिरते त्या जागी तांब्याचा एक जाड पत्रा बसवावा. हा झाला खोलीचा उंबरठा. अँटेनाची केबल, विजेची लाइन, टेलिफोनची तार, सगळ्यांनी याच उंबरठ्यावरून आत यावे. एक या भिंतीतून आणि दुसरी समोरच्या भिंतीतून, असे नको. नाहीतर पुन्हा एक पाय होडीत आणि एक घाटावर. पत्र्यावर प्रत्येक तारेसाठी तिचा अरेस्टर बसवावा. अँटेनाच्या केबलच्या अरेस्टरात वायू भरलेली छोटी नळी असते. व्होल्टेज फाजील वाढले की ती क्षणभर उघडते, जादा भार पत्र्यावर सोडते आणि पुन्हा मिटते. धरणाच्या सांडव्याचेच काम म्हणा. विजेच्या लाइनसाठी बाजारात ज्याला एसपीडी म्हणतात तो घ्यावा, आणि संचाचे कवचही त्याच पत्र्याला रुंद, आखूड पट्टीने जोडावे. नुसता एसपीडी विकत आणून मीटरजवळ लावला आणि अँटेनाची बाजू उघडी ठेवली, तर पुढचे दार लावून मागचे सताड उघडे ठेवल्यासारखे होईल.

खड्डा आणि माती

इथे मात्र मी माझ्या धंद्यावर येतो. अर्थ-खड्डा म्हणजे शेवटी मातीच. नाशिकची जमीन काळ्या पाषाणावर बसलेली. नदीकाठच्या भारी काळ्या जमिनीत ओल टिकते, ती वीज चांगली पसरवते. मुरमाड माळावर ओलही नाही आणि मातीही नाही, तिथे एका खड्ड्याने भागत नाही. काळी जमीनही मे महिन्यात फसवते. तिला हातभर भेगा पडतात आणि माती सळईपासून सुटते. म्हणून अर्थिंगची मोजणी पावसाळ्यात करून समाधान मानू नये. ती भर उन्हाळ्यात करावी. उन्हाळ्यात जो आकडा येईल तोच खरा.

एकच खोल खड्डा घेण्यापेक्षा मनोऱ्याच्या पायापासून तीन-चार दिशांना, अर्धा मीटर खोल चरांतून पट्ट्या न्याव्यात आणि त्यांवर ठिकठिकाणी तीन मीटरच्या सळया ठोकाव्यात. दोन सळयांत सहा मीटर तरी अंतर असावे. जवळजवळ ठोकल्या तर, दाट लावलेल्या उसासारखे, एकीचे दुसरी खाते. ताण-तारांच्या नांगरांनाही सळई द्यावी, आणि पायाच्या काँक्रीटमधल्या गजांनाही जोडून घ्यावे. मीठ-कोळशाचा जुना खड्डा चालतो, पण मीठ लोखंड खाते आणि दर पावसात धुऊन जाते. बेंटोनाइटची माती ओल धरून ठेवते आणि धातू खात नाही, म्हणून नवीन काम तिच्यात करावे. तांबे आणि जस्ताचा लेप दिलेले लोखंड थेट एकमेकांवर आवळू नये. ओलीत जस्त झिजते आणि सांधा सुटतो. मध्ये कथिलाचा लेप दिलेला तुकडा घालावा.

खोडदचा धडा

पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगावजवळ खोडद येथे जगप्रसिद्ध महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना सुमारे २५ किलोमीटरच्या टापूत, शेतांमधून उभ्या आहेत. प्रत्येक अँटेनाचे संकेत मध्यवर्ती इमारतीकडे येतात ते काचेच्या तंतूतून, म्हणजे ऑप्टिकल फायबरमधून. इतक्या अंतरावरून संकेत शुद्ध राहावेत, हा त्यातला मोठा हेतू. पण आपल्यालाही त्यातून घेण्यासारखे आहे : काच वीज वाहत नाही. मनोरा एका इमारतीजवळ आणि संगणक दुसऱ्या इमारतीत असेल, तर मधली तांब्याची तार काढून फायबर टाकावे. फायबरमध्ये आधाराची लोखंडी तार नाही, एवढी खात्री करून घ्यावी. दोन होड्यांमध्ये दोर बांधला नाही, तर एक उलटली म्हणून दुसरी ओढली जात नाही.

मोठे मनोरे आपल्या मुलखाला नवे नाहीत. इंग्लंडशी बिनतारी तारायंत्र चालवण्यासाठी १९२७ साली खडकीला प्रक्षेपणाचे आणि दौंडला ग्रहणाचे केंद्र सुरू झाले, तेही उसाच्याच टापूत. फरक इतकाच, की तेव्हा मनोरा सरकारचा किंवा कंपनीचा असे. आज तो घरोघर आहे.

इंदिरानगरच्या गच्चीवरही

आपल्या पुष्कळ सभासदांची मुले शिक्षणासाठी नाशिकला इंदिरानगरात राहतात, काहींनी तिथे सदनिकाही घेतल्या आहेत. मीही तिथलाच रहिवासी. तिथल्या कुठल्याही गच्चीवर गेले की टीव्हीच्या डिशी, इंटरनेटच्या काठ्या, सौर पत्रे आणि कुठे मोबाईल कंपनीचा मनोरा, असे रान दिसते. पाण्याच्या टाकीला तारेने आवळलेला लोखंडी पाइप, त्यावर डिश, आणि तिची केबल जिन्यातून थेट दिवाणखान्यातल्या टीव्हीला. पाइपाला अर्थिंग नाही आणि कपडे वाळवायची तारही त्यालाच.

सोसायटीच्या सभेत एकच प्रश्न विचारावा : ‘गच्चीवरच्या काठीची अर्थिंग आणि खाली मीटरची अर्थिंग एकमेकांना जोडलेली आहे का?’ उत्तर ‘नाही’ किंवा ‘माहीत नाही’ असे आले, तर परवानाधारक ठेकेदाराकडून ते काम आधी करून घ्यावे. शेतघरालाही हाच प्रश्न लागू आहे.

संचापेक्षा जीव मोठा

संच जळला तर दुसरा येईल. हंगामात आपल्या आवाराभोवती ऊसतोड मजुरांच्या कोप्या पडतात, गाडीवान मुक्काम करतात. मनोऱ्याच्या ताण-ताराला बैल बांधण्याची सवय पुष्कळ ठिकाणी आहे. ती आजपासून बंद झाली पाहिजे. वीज पायातून जमिनीत पसरते तेव्हा जवळच्या जमिनीवर पावलागणिक व्होल्टेज बदलते. बैलाचे पुढचे आणि मागचे पाय दीड मीटर लांब असल्यामुळे त्याला माणसापेक्षा मोठा झटका बसतो. मनोरा आणि त्याच्या ताणांपासून कोप्या लांब असाव्यात, आणि पायाभोवती कुंपण घालून पाटी लावावी.

वीज चमकल्यावर तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. संच बंद करावा, विजेचा प्लग काढावा, केबल उंबरठ्यावरच्या पत्र्यापाशी सोडवावी. पण हे ढग लांब असताना करायचे काम आहे. वादळ डोक्यावर आल्यावर केबलला हात लावू नये. शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटे थांबावे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेचे ‘दामिनी’ ॲप जवळपासच्या विजेची सूचना देते. ते प्रत्येक मुकादमाच्या मोबाईलवर असावे. वॉकी-टॉकी किंवा मोबाईल वीज ओढत नाही, पण तो घेऊन उघड्यावर उभा राहणारा माणूस मात्र उंच ठरतो.

कुणावर वीज पडलीच, तर त्याच्या अंगात वीज उरत नाही. त्याला लगेच हात लावता येतो. श्वास व नाडी बंद असेल तर छाती दाबण्याचा उपचार तात्काळ सुरू करावा आणि १०८ ला फोन करावा. या पहिल्या मिनिटांत माणूस परत येऊ शकतो.

हंगामापूर्वी एवढे पाहा

१. काठीचे टोक अँटेनाहून वर आहे ना?
२. सगळ्या अर्थिंग जमिनीखालून एकमेकांना जोडलेल्या आहेत ना?
३. सांधे आवळलेले, रंग व गंज खरवडलेले आहेत ना?
४. सर्व तारा एकाच उंबरठ्यावरून आत येतात ना, आणि प्रत्येकीला अरेस्टर आहे ना?
५. मे महिन्यात अर्थिंग मोजून वहीत लिहिली ना? आकडा १० ओहमच्या आत आला ना?
६. मनोऱ्याच्या ताणाला बैल, कपड्यांची तार किंवा कोपीचा दोर बांधलेला नाही ना?

ज्या सभासदांच्या शेतात हवामान केंद्र, ठिबकचे स्वयंचलित यंत्र किंवा डिशची काठी आहे त्यांनी आपल्या गट कार्यालयात तशी नोंद द्यावी. ही सहा कलमे कापून मोटरघराच्या भिंतीवर चिकटवावीत, आणि वळवाचा पहिला ढग दिसण्याआधी एकदा वाचून पाहावीत.

आपला,
ऊस विकास अधिकारी